चौथी ओळ

दि. ४ नोव्हेंबर

चि. ठिणगी हिस अनेक आशीर्वाद.

टक, टक. बॉनेटवर पान्याचे दोन ठोके. आज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला ते अगदी स्पष्ट ऐकू आले. उठून खिडकीतून पाहिलं तर अंगणभर धुकं आणि त्या धुक्यात आपली जुनी पिकअप, म्हणजे आपली मावशी, एकटीच उभी. बॉनेटजवळ कोणी नव्हतं. असणार कुठून? ते ठोके मारणारा नऊ वर्षांपूर्वी डोंगरावर राहायला गेला, आणि तो तुझा बाप आहे.

आम्हा दोघा भावांची रोपवाटिका होती तेव्हाची ही गोष्ट. थंडीच्या सकाळी मावशीला उठवणं म्हणजे रुसलेल्या पाहुणीला जेवायला उठवण्यासारखं होतं. मी आत बसायचो, धाकटा बाहेर बॉनेटला कान लावून. मी चोक ओढायचा, अॅक्सिलरेटरवर दोनदा पाय मारायचा आणि शेवटी तो तळाला टेकवून धरायचा. पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही, पण मावशीने तरी पुस्तक कुठे वाचलं होतं! हे करता करता एक कडवं म्हणायचं. शाळेत आमच्या गुरुजींनी स्वतः रचून फळ्यावर लिहिलेलं :

धुके उतरले वाटेवरती,
डोंगर निजला पांघरुणात;
हळूच जागी कर रे त्याला,
पाऊल हलके टाक पुढ्यात.

कडवं संपेपर्यंत पेट्रोल बरोबर जागेवर पोचायचं. धाकटा टक टक करायचा, मी किल्ली फिरवायचो. खर्र, खर्र, खों! की मावशी जागी. गल्लीतली माणसं त्या खोकल्यावर घड्याळं लावत.

आता तुझ्या पत्राबद्दल. कार्ब्युरेटर काढून त्या जागी इंजेक्शनची नवी यंत्रणा बसवून देते म्हणतेस. इंजेक्शन म्हटलं की मला शाळेतली लस टोचायची रांग आठवते आणि दंड दुखायला लागतो. शिवाय एवढ्या वयात मावशीचं काळीज बदलायचं म्हणजे उद्या ती मला ओळखणार तरी का? तू हुशार आहेस, वर्कशॉपात तुझं नाव आहे, पण हे राहू दे. वर येण्याचं म्हणशील तर कारण तुला ठाऊकच आहे. मावशी घाट चढत नाही.

तुझ्या आईचा दमा आता बरा आहे ना? तिला माझे आशीर्वाद सांग. बाकी कोणाला काही सांगू नकोस.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून तेल घालत जावे.

तुझा,
मोठेकाका


दि. १२ नोव्हेंबर

ती. मोठेकाकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसले, एकदा नाही.

आधी हसण्याचं सांगते. मावशी घाट चढत नाही हे मी नऊ वर्षं ऐकतेय. खालून वर दिवसातून तीन बस येतात असं मी एकदा म्हटलं, तर तुम्ही कळवलंत की बसमध्ये तुमच्या पोटात ढवळतं. आईने त्यावर आल्याच्या वड्या पाठवल्या, तर तुम्ही त्या घरी बसूनच संपवल्यात.

घाट का चढत नाही ते ऐका. वर हवा विरळ होत जाते. कार्ब्युरेटर बिचारा आंधळा, त्याला ते कळत नाही. तो खालच्याच मापाने पेट्रोल ओतत राहतो, पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढणाऱ्या यजमानासारखा. मग इंजिनाला ठसका लागतो, काळा धूर येतो आणि गाडी मध्येच बसते. नव्या यंत्रणेला डोकं आहे. हवा किती आत आली, इंजिन किती तापलंय, धुरात काय उरलंय, हे सगळं ती बघते आणि तेवढंच वाढते. तुमची मावशी घाटच काय, ढगसुद्धा चढेल.

आता न हसण्याचं. बाबांना ऐकू येईनासं झालंय. उजवा कान गेलाच. डावा उन्हाळ्यापर्यंत टिकला तर नशीब, असं कानाचे डॉक्टर म्हणाले. यंत्र लावूनही फार उपयोग नाही म्हणे. परवा एका गाडीचं इंजिन चालू ठेवून त्यांनी नेहमीसारखा कान टेकवला. थोड्या वेळाने कान काढून तिथे तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी पाहतेय हे त्यांना कळलं, तर म्हणाले की हाताला बरं वाटतं, ऊब येते.

काका, तुम्हाला त्यांना काही सांगायचं असेल तर ते पत्रात लिहून भागेल असं मला वाटत नाही. म्हणून ही सगळी खटपट.

एक गंमत. नवा भाग तुमच्या जुन्या इंजिनावर बसायला मध्ये एक जाड पट्टी लागते. मी कागदावर माप काढून बाबांच्या लेथपाशी ठेवलं. त्यांनी कोणत्या गाडीचं ते विचारलं नाही. कागद उलटासुलटा करून बघितला, एका भोकाचं माप खोडून बरोबर माप लिहिलं, आणि संध्याकाळी पट्टी माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवली. त्या इंजिनाची मापं त्यांना अजून पाठ आहेत.

उत्तर हो असेल तरच लवकर पाठवा. नाही म्हणायचं असेल तर पत्र सावकाश लिहा, तोवर मी येऊन पोचेन.

माया आहे तेवढीच ठेवा, वाढवली तर मी शेफारेन.

तुमची,
ठिणगी


दि. १९ नोव्हेंबर

चि. ठिणगी हिस अनेक आशीर्वाद.

ये.

एवढंच लिहून पत्र बंद करणार होतो, पण पाकीट रिकामं वाटलं. शिवाय तुझ्या त्या तळव्याच्या वाक्यानंतर मी चार दिवस धड जेवलो नाही. हा माणूस लांबून मावशीचा खोकला ऐकून सांगायचा की आज तिसऱ्या प्लगला काजळी धरलीय. आणि तो खरंच तिसराच निघायचा.

तुम्ही डोंगरावर गेलात त्या दिवसाचं तुला अर्धंच माहीत आहे. तू आईबरोबर पुढे बसने गेली होतीस. आम्ही दोघं मागून मावशीत तुमचं सामान घेऊन निघालो. कपाट, पलंग, शिलाई मशीन आणि वर बांधलेली तुझी सायकल. अर्ध्या घाटात मावशी बसली. तोंडातून काळा धूर. धाकटा म्हणाला की मी महिनाभर सांगत होतो, कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा जेट बदलू या, पण दादाला कवितेतून वेळ मिळेल तर ना. मी म्हणालो की मावशीलासुद्धा कळतंय, हा आपल्याला टाकून चाललाय, म्हणून तिचा पाय उचलत नाही. तो म्हणाला की ती तुझ्यासारखीच आहे, जरा उंच जायची वेळ आली की धाप लागते.

इथवर भांडण बरोबरीत होतं. मग मी म्हणालो की बायकोचा दमा हे निमित्त आहे, तुला माझा कंटाळा आलाय.

ठिणगी, तुझी आई त्या वर्षी रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची. मला ते दिसत होतं. दिसत असूनही मी बोललो, कारण उद्यापासून सकाळी ठोके मारायला कोणी नसणार होतं. खालून आलेल्या एका ट्रकमध्ये धाकट्याने सामान चढवलं आणि गेला. मावशीला वळवून मी उताराने खाली आणलं. खाली येताना ती शहाण्यासारखी चालली. उतार सगळ्यांनाच जमतो.

मला त्याला एक वाक्य सांगायचं आहे. नऊ वर्षं ते माझ्या जिभेवर आहे, आणि ते त्याच्या कानांनीच त्याने ऐकायला हवं. उन्हाळ्यापर्यंत म्हणतेस. मग ये. लवकर ये.

तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस त्याप्रमाणे टाकी रिकामी केली. आतून इतका गंज निघाला की त्यात एखादं रोप लावता आलं असतं. शेजारच्या वेल्डरला सायलेन्सरच्या नळीचं सांगून ठेवलंय. तो विचारत होता की धूर हुंगायला नळीत नाक बसवायचं म्हणजे नक्की काय. मी म्हणालो की आमची पुतणी आली की तिलाच विचार, मला फक्त कविता येतात.

कळावे. बाकीचं समोरासमोर.

मोठेकाका


दि. १४ डिसेंबर

ती. मोठेकाकांस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. कपड्यांना अजून पेट्रोलचा वास आहे. आई म्हणते की बॅग अंगणातच उघड.

ते दहा दिवस डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तुम्ही स्टुलावर बसून नट एका डबीत आणि बोल्ट दुसऱ्या डबीत ठेवत होतात आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणत होतात. कार्ब्युरेटर निघाला तेव्हा तुम्ही तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून आत नेलात, जसं काही त्याला वारा बाधेल. मी हसले नाही, हे लक्षात ठेवा. तेव्हा इंजिनाच्या वर नुसतं भोक उरलं होतं, मी त्यावर चिंधी झाकली, आणि तुम्ही विचारलंत की आत्ता या क्षणी ही कोण आहे, जुनी की नवी?

मग बाबांची पट्टी केसाचंही अंतर न ठेवता बसली. शेवटच्या दुपारी तुम्ही मावशी बाजारापर्यंत नेऊन आणलीत आणि उतरताना म्हणालात की खोकत नाही गं, गुणगुणते. ते वाक्य मी इकडे जपून आणलंय.

आता सकाळच्या थंडीतली पद्धत, पुन्हा एकदा लिहून देते, कारण तिथे असताना रोज सकाळी मीच चालू करत होते आणि तुम्ही फक्त दुपारची, तापलेली मावशी चालवलीत. किल्ली अर्धी फिरवायची. टाकीतला पंप दोन क्षण गुणगुणेल. तो थांबला की किल्ली पूर्ण फिरवायची. चोक नाही. अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. पेट्रोल किती हवं ते तिचं तिला कळतं. बस्स.

कधी निघताय? बाबांना मी काही सांगितलेलं नाही. पण आई सांगते, रविवारपासून ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन घाटाच्या बाजूच्या कठड्यावर जाऊन बसतात. तुमचे भाऊच ते.

वाट पाहण्याची सवय आहे, पण ती मोडायला आवडेल.

ठिणगी


दि. २० डिसेंबर

चि. ठिणगी हिस अनेक आशीर्वाद.

मावशी उठली नाही.

मंगळवारी निघायचं ठरवलं होतं. सोमवारी दाढी केली, कोट झटकला, तुझ्या आईसाठी शेवंतीची दोन रोपं मागे बांधली. झोप अशी लागली नाहीच. स्वप्नात मी शाळेच्या बाकावर बसलो होतो आणि फळ्यावर घाटाचा नकाशा होता. पहाटे धुकं इतकं की अंगण संपून जग कुठे सुरू होतं ते दिसेना. आत बसलो. किल्ली अर्धी फिरवली. पंप गुणगुणला, थांबला. कडवं म्हणालो. किल्ली पूर्ण फिरवली. खर्र, खर्र, खर्र. पुढे काही नाही. तो शेवटचा खों येईना.

थोडा वेळ थांबून पुन्हा. मग पुन्हा. बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. बॅटरी थकली तेव्हा वेल्डरने त्याच्या गाडीची जोडून दिली. वर त्याने विचारलं की नळीत नाक बसवलं म्हणून हिला सर्दी तर झाली नाही? तू लिहिलंस ते सगळं तसंच्या तसं केलं. चोक नाही, घाई नाही. कागद समोर काचेला चिकटवून केलं.

मला वाटतं मावशीलाच जायचं नाही. किंवा ती मला ओळखत नाही. तुझ्या हाताला उठली, माझ्या हाताला नाही. कार्ब्युरेटर माझ्या टेबलावर आहे, पत्रांवर वजन म्हणून ठेवलाय. त्याचे पितळी जेट उजेडात धरले की त्यातून आरपार बघता येतं, सुईच्या टोकाएवढं आकाश दिसतं. एवढ्याशा भोकातून आम्ही दोघांनी आयुष्यभर प्रवास केला.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. काम तुझं चोख आहे. कदाचित काही वाक्यं न सांगताच राहायची असतात.

शेवंतीची रोपं पुन्हा कुंडीत लावली.

मोठेकाका


दि. २५ डिसेंबर

ती. मोठेकाकांस शि. सा. न. वि. वि.

काही वाक्यं न सांगताच राहायची असतात, हे वाक्य मी वाचलंच नाही असं समजते. फळ्यावरून पुसा ते.

मी दोन दिवस डोकं खाजवतेय. पंप चालतोय, बॅटरी आहे, ठिणगी पडत असणार, आणि तरी उठत नाही. एकच शंका येते. चालू करताना अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असेल तर ती यंत्रणा समजते की इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, म्हणून पेट्रोल मुळीच सोडत नाही. कितीही खर्र खर्र केलं तरी थेंबही देत नाही. पण ते तर मी लिहून दिलं होतं आणि तुम्ही तसंच केलंत म्हणता. तरी एकदा आठवून बघा.

हताश होऊन शेवटी मी बाबांनाच विचारलं. आता त्यांना काही लांबलचक सांगायचं असेल तर पाटीवर लिहावं लागतं. मी लिहिलं की काकांची गाडी सकाळी त्यांच्या हाताला उठत नाही, माझ्या हाताला उठत होती, का? त्यांनी पाटी वाचली. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मी घाबरले, तर ते हसत होते. नऊ वर्षांत असे हसलेले मी पाहिले नव्हते. डोळे पुसत म्हणाले की दादा ती कविता म्हणतो, पण ऐकत कधीच नाही. एवढं बोलून पाटी पुसली आणि शेडमध्ये गेले. मग करवतीचा आवाज येत राहिला. काय करतायत विचारलं तर त्यांना ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल.

रविवारी पहिल्या बसने मी येते. तोवर मावशीला हात लावू नका. आणि हार मानू नका, तुम्हाला ती शोभत नाही.

आशीर्वादाबद्दल आधीच आभार मानून ठेवते.

ठिणगी


दि. २८ डिसेंबर, शनिवार

चि. ठिणगी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. त्या पायाच्या शंकेबद्दल निश्चिंत राहा. मी नीट आठवून पाहिलं. पाय जागच्या जागी होता. डोंगरावरच्या हवेने धाकट्याचं काय होतं कोणास ठाऊक, पण मी कविता ऐकत नाही हा आरोप मात्र मला मान्य नाही. आठ वर्षांचा होतो तेव्हापासून म्हणतोय ती. पहिल्या ओळीला धुकं दिसतं, दुसरीला डोंगर, तिसरीला

थांब. दार वाजलं. दोन ठोके. टक, टक. हाताचे नाहीत, लोखंडाचे. वेल्डर असेल. बघून येतो.

ठिणगी, हे तुला वेळेत पोचणार नाही, पण उद्याची बस चुकवलीस तरी चालेल.

दारात धाकटा उभा आहे. उभा होता म्हणायला हवं, पण मला अजून तो उभाच दिसतोय. पहिल्या बसने आला. अंगात तुझ्या आईने विणलेला स्वेटर, एका हातात आमचा तो जुना पाना, दुसऱ्या हातात लाकडाचा ठोकळा. केस सगळे पांढरे. माझ्या डोक्याकडे बघून त्यालाही तेच वाटलं असणार. कसा आहेस वगैरे काही नाही. त्याने ठोकळा माझ्या हातात दिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, कारण त्याला स्वतःचा आवाज कळत नाही, सांगितलं की हा अॅक्सिलरेटरच्या खाली ठेव, गाडी उठली की काढ, कारण तुझा उजवा पाय काही तुझ्या ताब्यात नाही. चौथ्या ओळीला तो गेली चाळीस वर्षं तळाला टेकतो, म्हणाला. रोज सकाळी मी बाहेरून बघायचो, म्हणाला.

ठोकळ्यावर त्याने तापल्या खिळ्याने दोन शब्द कोरलेत : पाऊल हलके.

मी खाली पाहिलं. दारात उभ्या उभ्या मनात कडवं म्हणून बघितलं. आणि ठिणगी, चौथ्या ओळीला माझा उजवा पाय चपलेत दाबला गेला.

मग मी ते वाक्य बोललो. त्याच्या बायकोच्या दम्याबद्दल मी खोटं बोललो होतो, आणि मला तेव्हाही ठाऊक होतं, असं ते होतं. त्याला पोचलं नाही. त्याने डावा कान पुढे केला. दुसऱ्यांदा म्हणालो, आवाज फाटला. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने म्हणालो की वेल्डर यंत्र बंद करून बाहेर आला. धाकट्याने मान हलवली. मग पुढे होऊन त्याने माझ्या छातीवर तळवा ठेवला, इंजिनावर ठेवतो तसा, आणि तसाच ठेवून उभा राहिला.

पत्र इथेच थांबवतो. तो अजून उंबऱ्याच्या बाहेर, मावशीच्या बॉनेटपाशी आहे, त्याला आत घ्यायचंय.

लोभ वाढला आहे. त्याची व्यवस्था करावी.

मोठेकाका